शब्दाचे मूळ आणि शब्दाचा अर्थ

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्रजी शब्दांची मुळे सांगणारे जे छोटेखानी सदर येते, ते मी सुरुवातीपासून नेमाने वाचते आणि त्याची कात्रणेही जपून ठेवते. इंग्रजी शब्दकोशातले निम्म्याहून अधिक शब्द फ्रेंच आणि लॅटिन या दोन भाषांतून आलेले आहेत, ही गोष्ट मराठी वाचकाला एकेका शब्दाच्या निमित्ताने कळत जावी, हा उपक्रम मला मनापासून आवडतो. मात्र अलीकडचे दोन लेख वाचून हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. ‘सिन्सिअर’ म्हणजे ‘मेणाविना’, कारण रोमन मूर्तिकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवत आणि सचोटीचा मूर्तिकार तसे करत नसे, असे एका लेखात म्हटले होते. रोमन शिपायाला पगार मिठाच्या रूपाने मिळे म्हणून ‘सॅलरी’, असे दुसऱ्यात. दोन्हींचा शेवट ‘म्हणजे या शब्दाचा खरा अर्थ असा आहे’ अशा वाक्याने झाला होता. त्या दोन गोष्टींबद्दल मला काही सांगायचे आहेच, पण माझा मुख्य आक्षेप या शेवटच्या वाक्याला आहे.

आधी त्या दोन गोष्टी. ‘सिन्सिअर’चा लॅटिन पूर्वज ‘सिंकेरुस’ हा आहे आणि त्याचा अर्थ निर्भेळ, अखंड, अस्सल असा होता. ‘मेणाविना’ हे लॅटिनमध्ये ‘सिने केरा’ असे होईल. कानाला ते जवळचे वाटते, म्हणूनच ही कथा एवढी पसरली, पण त्या दोन सुट्या शब्दांपासून हे विशेषण घडल्याचा कोणताही पुरावा नाही. पुष्कळ अभ्यासक या शब्दाचा संबंध ‘एक’ आणि ‘वाढणे’ या अर्थाच्या धातूंशी, म्हणजे ‘एकाच वाढीचे, भेसळ नसलेले’ या कल्पनेशी जोडतात. ‘सॅलरी’चे प्रकरण थोडे वेगळे आहे. ‘सालारियुम’ हा शब्द मिठाच्या ‘साल’ या नावावरून आला, हे खरे आहे, आणि पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी यानेही आपल्या ग्रंथात तसे नमूद केले आहे. पण शिपायांच्या हातावर पगार म्हणून मीठ मोजून ठेवत असत, असे प्लिनी तिथे म्हणत नाही. इंग्रजीत हा शब्द आला तो चौदाव्या शतकात, नॉर्मन फ्रेंचमधून, आणि तोवर त्याला मिठाची चव उरलेली नव्हती. कामाबद्दल ठरावीक काळाने मिळणारे द्रव्य, एवढाच अर्थ तो घेऊन आला.

आता मुख्य मुद्दा. शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा ‘खरा’ अर्थ, आणि आज आपण वापरतो तो जणू बिघडलेला अर्थ, ही समजूत चुकीची आहे. मराठीपुरते बोलायचे तर ‘शिक्षा’ हा शब्द पाहावा. संस्कृतात त्याचा अर्थ अध्ययन, शिकवण. हिंदीत तो आजही त्याच अर्थाने चालतो. मराठीत मात्र शिक्षा होते ती गुन्हेगाराला. न्यायाधीशाने सुनावलेल्या शिक्षेचा ‘खरा अर्थ’ शिकवणी असा आहे, असे कोणी मराठी माणूस म्हणणार नाही. इंग्रजी शब्दांना मात्र आपण हा न्याय लावत नाही. तिथे लॅटिन मूळ सापडले की शोध संपला असे आपल्याला वाटते. वास्तविक शोध तिथून सुरू व्हायला हवा, कारण लॅटिन मूळ आणि आजचा इंग्रजी अर्थ यांच्यामध्ये बहुधा हजार-दीड हजार वर्षांची वाटचाल असते, आणि शब्दाला अर्थ मिळतो तो त्या वाटचालीत.

‘नाइस’ हे त्याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण. लॅटिन ‘नेस्कियुस’ म्हणजे न जाणणारा, अज्ञ. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘नीस’ झाला आणि अर्थ झाला भोळसट, मूर्ख. इंग्रजीत १३०० च्या आसपास तो याच अर्थाने आला. एखाद्याला ‘नाइस’ म्हणणे ही तेव्हा निंदा होती. पुढे तो बावळटाकडून लाजाळूकडे, लाजाळूकडून चोखंदळाकडे, चोखंदळाकडून काटेकोराकडे सरकत गेला आणि अठराव्या शतकात ‘छान, सुखद’ या अर्थाला येऊन टेकला. मधला मुक्काम अगदी पुसला गेलेला नाही. दोन गोष्टींमधल्या बारीक भेदाला इंग्रजीत आजही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात, तिथे छानपणाचा काही संबंध नसतो, सूक्ष्मपणाचा असतो. आता या शब्दाचा ‘खरा अर्थ’ अज्ञ असा आहे, असे छापले, तर ते व्युत्पत्ती म्हणून बरोबर ठरेल आणि अर्थ म्हणून साफ चूक.

‘बस’ या शब्दाने तर मुळाचा सारा आग्रहच निकालात निघतो. ‘ओम्निबुस’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’. १८२८ मध्ये पॅरिसमध्ये आणि १८२९ मध्ये लंडनमध्ये भाडे देणाऱ्या कोणालाही बसता येईल अशा घोडागाड्या धावू लागल्या, त्यांना हे नाव मिळाले, आणि लोकांनी त्याचे पुढचे तुकडे टाकून शेपूट तेवढे ठेवले. त्या शब्दात ‘सर्व’ हा अर्थ ‘ओम्नि’मध्ये होता, ‘बुस’ हा केवळ चतुर्थीच्या बहुवचनाचा प्रत्यय, आपल्या संस्कृत ‘सर्वेभ्यः’मधल्या ‘भ्यः’चा सगोत्र. म्हणजे मुळाकडे पाहिले तर ‘बस’ या शब्दाला स्वतःचा अर्थच नाही, तो नुसता विभक्तीचा प्रत्यय आहे. आणि तरीही जगात त्याचा अर्थ न समजणारा माणूस शोधावा लागेल.

दुसरा मुद्दा काळाचा. ‘हा शब्द लॅटिनमधून आला’ एवढे म्हटल्याने वाचकाला फारसे काही कळत नाही, कारण लॅटिन शब्द इंग्रजीत एकाच वेळी आणि एकाच दाराने आलेले नाहीत. ‘स्ट्रीट’, ‘वॉल’, ‘वाइन’, ‘चीज’ हे इतके जुने आहेत की आज ते अस्सल इंग्रजीच वाटतात. रोमन लोकांशी व्यवहार करताना इंग्रजांच्या पूर्वजांनी, म्हणजे जर्मानिक टोळ्यांनी, ते उचलले होते. ५९७ मध्ये ऑगस्टीनचे ख्रिस्ती धर्मप्रचारक इंग्लंडमधल्या केंटमध्ये उतरले, त्यानंतर धर्माशी आणि पाठशाळेशी निगडित शब्दांची एक तुकडी आली. मग १०६६. हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरल्ड पडला, उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम राजा झाला आणि दरबार, न्यायालय व जमीनदारी यांची भाषा फ्रेंच झाली. पुढे सोळाव्या शतकात विद्वानांनी ग्रंथांतून थेट लॅटिन शब्द आणले, ती आणखी एक लाट.

यातही एक गोष्ट नेहमी चुकीची सांगितली जाते. १०६६ च्या विजयाबरोबर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, असे आपण शाळेत ऐकतो. प्रत्यक्षात विजयानंतरच्या शे-दीडशे वर्षांत तुलनेने थोडेच शब्द आले. १२०४ मध्ये जॉन राजाने नॉर्मंडी गमावली, इंग्लंडमधल्या सरदारांचा समुद्रापलीकडचा पाया सुटत गेला, आणि त्यांची पुढची पिढी घरातही इंग्रजी बोलू लागली. तेव्हा, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, सर्वाधिक फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. फ्रेंच बोलणारे लोक फ्रेंच सोडून इंग्रजी बोलू लागले आणि येताना आपले शब्द घेऊन आले, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. ‘काऊ’ गोठ्यातल्या इंग्रजी गुराख्याची आणि ‘बीफ’ ताटावर बसलेल्या नॉर्मन सरदाराचे, ही १८१९ मधल्या एका कादंबरीने घरोघरी पोहोचवलेली विभागणी मोहक आहे, पण ती इतकी काटेकोर कधी नव्हती. ‘बीफ’ आणि ‘मटन’ हे शब्द पुढे कित्येक शतके जिवंत जनावरांसाठीही वापरले जात होते.

कायद्याच्या भाषेत तर हा काळाचा धागा हाताने चाचपता येतो. न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा असा कायदा १३६२ मध्ये झाला, कारण फ्रेंच लोकांना समजेनाशी झाली होती. तो कायदा लिहिला गेला मात्र फ्रेंचमध्ये, आणि निकालांची नोंद लॅटिनमध्ये ठेवावी असे त्यातच म्हटले होते. न्यायालयीन कागदपत्रांतून या दोन्ही भाषा पूर्णपणे हटल्या त्या १७३३ मध्ये. जवळजवळ चारशे वर्षे तीन भाषा एकाच मेजावर नांदल्या, म्हणून इंग्रजी दस्तऐवजांत ‘गुड्स अँड चॅटल्स’ यासारख्या जोड्या भेटतात, ज्यांतला एक शब्द देशी आणि दुसरा फ्रेंच असतो.

त्या ‘चॅटल’कडे क्षणभर थांबून पाहावे. लॅटिन ‘कापिताले’ म्हणजे मुख्य धन, मालमत्ता. नॉर्मंडीच्या बोलीत ‘का’ तसाच राहिला, पॅरिसच्या बोलीत त्याचा ‘चा’ झाला. नॉर्मनांकडून इंग्रजीला मिळाला ‘कॅटल’; त्याचा अर्थ आधी सगळीच जंगम मालमत्ता असा होता, पुढे त्यातली चार पायांची तेवढी उरली. पॅरिसच्या बाजूने आला ‘चॅटल’, तो कायद्याच्या पुस्तकात जंगम मालमत्ता म्हणूनच राहिला. आणि लॅटिनच्या साच्यातला ‘कॅपिटल’ सावकाराकडे आणि कारखानदाराकडे भांडवल म्हणून गेला. एकच शब्द तीन वाटांनी तीनदा आला आणि दर वेळी वेगळ्या घरात राहायला गेला. ‘कॅच’ आणि ‘चेस’ यांचेही असेच, दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदाचे. ‘वॉर्डन’ आणि ‘गार्डियन’ यांचेही, कारण पॅरिसचा ‘ग’ नॉर्मन तोंडी ‘व’ असे.

आपल्याकडच्या तत्सम आणि तद्भव या संज्ञा इथे फार उपयोगी पडतात, आणि सदरलेखकांनी त्यांचा वापर का करू नये, हे मला कळत नाही. ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ यांचे मूळ एकच, पण क्षेत्र संगीताचेही असते आणि शेत फक्त नांगरायचे. तसेच ‘फ्रॅजाइल’ हा तत्सम आणि ‘फ्रेल’ हा तद्भव. काच फ्रॅजाइल असते, म्हातारा माणूस फ्रेल होतो. ‘पोशन’ आणि ‘पॉयझन’ ही दोन्ही लॅटिनमधल्या ‘पिण्याची वस्तू’ या एकाच शब्दाची रूपे. फ्रेंच जिभेवर घासला गेलेला शब्द विष झाला आणि पुस्तकातून उचललेला शब्द औषधी काढ्यापाशी राहिला. ‘लीगल’ आणि ‘लॉयल’ यांतला कायदा आणि निष्ठा यांचा दुरावाही याच रीतीने पडला आहे.

वाचकांना दाखवण्यासारखी सर्वांत सुंदर वाटचाल मला ‘चेक’ या शब्दाची वाटते. बुद्धिबळात आपण शह देतो, तो शह फारसीतला ‘शाह’, म्हणजे राजा. अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये आणि तिथून जुन्या फ्रेंचमध्ये तो ‘एशेक’ झाला, आणि इंग्रजांच्या पटावर ‘चेक’. बुद्धिबळाच्या पटाला फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल ज्या मेजावर मोजला जाई, त्याचे वर्णन रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने लिहून ठेवले आहे: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, वर ठेवलेले काही खाली पडू नये म्हणून भोवती चार बोटे उंचीची कड, आणि अंथरलेल्या काळ्या कापडावर आखलेले पट्टे. त्या रकान्यांत सोंगट्यांसारखी नाणी सरकवून हिशेब मांडत, कारण रोमन आकड्यांनी कागदावर बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे होते. एका बाजूला खजिनदार आणि दुसऱ्या बाजूला परगण्याचा शेरीफ यांच्यात जणू बुद्धिबळाचा डाव चालतो, असे फिट्झनीलनेच म्हटले आहे. त्या पटावरून ‘एक्सचेकर’ हे खात्याचे नाव पडले आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही त्याच नावाने ओळखला जातो. शह देऊन अडवणे यातून ‘चेक’ला आधी रोखणे आणि मग पडताळणे हे अर्थ आले, खोट्या हुंडीला पायबंद बसावा म्हणून ठेवलेल्या स्थळप्रतीला ‘चेक’ म्हणू लागले, आणि पुढे बँकेच्या कागदाचे ब्रिटिश स्पेलिंग ‘एक्सचेकर’च्या वळणाने बदलले. ‘चेक’चा खरा अर्थ राजा, असे सांगून ही सगळी हकिगत गमवायची का?

आणखी एक गोष्ट माझ्या वर्गातली. मी बरीच वर्षे शाळेत इंग्रजी शिकवत होते. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द एका मुलीने बी न घालता लिहिला आणि मी तो लाल शाईने दुरुस्त केला. तिने वही परत आणून विचारले, “बाई, जो उच्चारायचाच नाही, तो बी लिहायचा कशाला?” त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते, नियम आहे, एवढेच मी तिला म्हणाले, आणि त्याची चुटपुट मला फार दिवस लागून राहिली. उत्तर असे आहे की ती मुलगी इतिहासाच्या बाजूने बरोबर होती. फ्रेंचमधून इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्यात बी नव्हता. तो लॅटिनमध्ये होता, पण फ्रेंचमध्ये येता येता गळून गेला होता. पुढे लॅटिन ‘डेबितुम’ डोळ्यांसमोर असलेल्या विद्वानांनी मूळ दिसावे म्हणून तो पुन्हा लिहायला सुरुवात केली. फ्रेंचांनीही काही काळ तो घातला होता; त्यांनी तो काढून टाकला, इंग्रजीत तो राहिला. शंका या अर्थाच्या ‘डाउट’मधला बी आणि ‘रिसीट’मधला पी असेच मागाहून बसवलेले. कधी हा उत्साह चुकलाही. ‘आयलंड’ हा अस्सल इंग्रजी शब्द, पण लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेल्या ‘आइल’शी त्याचे नाते आहे अशा समजुतीने त्यात एक एस घातला गेला, तो आजही प्रत्येक मुलाला पाठ करावा लागतो. मुळाला अर्थाहून आणि उच्चाराहून मोठे मानले की काय होते, त्याच्या या खुणा स्पेलिंगमध्ये कायमच्या कोरल्या गेल्या आहेत.

मुळाचे महत्त्व मी नाकारत नाही. ‘मॉर्गेज’ म्हणजे मृत गहाण, हे कळले की तो रुक्ष शब्द एकदम बोलू लागतो. पंधराव्या शतकातले कायदेपंडित लिटलटन यांनी त्याचा खुलासा असा केला आहे की कर्ज फिटले नाही तर जमीन ऋणकोला मेल्यासारखी आणि फिटले तर ते गहाण धनकोला मेल्यासारखे. ‘कर्फ्यू’ म्हणजे ‘विस्तव झाका’. रात्री घंटा झाली की चुलीतला विस्तव राखेखाली झाकायचा, कारण आग लागण्याचे भय मोठे. इथेही मूळ उपयोगी पडते ते त्याच्यामागची रीत सांगितल्यामुळे. नुसते दोन फ्रेंच शब्द आणि त्यांचा अर्थ दिला असता, तर वाचकाच्या हाती फार तर एक कोडे लागले असते.

म्हणून माझी विनंती अशी की सदरात प्रत्येक शब्दासोबत निदान तीन गोष्टी द्याव्यात: तो इंग्रजीत साधारण कोणत्या शतकात आला, थेट लॅटिनमधून की फ्रेंचच्या वाटेने, आणि आला तेव्हा इंग्रजीत त्याचा अर्थ काय होता. जागा कमी असेल तर लॅटिन धातू गाळला तरी चालेल, पण या तीन गोष्टी गाळू नयेत. मूर्तिकाराचे मेण आणि शिपायाचे मीठ यांसारख्या कथा छापायच्याच असतील, तर त्या लोकव्युत्पत्ती आहेत असे स्पष्ट लिहावे; लोकांनी शब्दांविषयी रचलेल्या कथा म्हणून त्यांनाही मोल आहे.

पुढच्या एखाद्या रविवारी ‘फीमेल’ हा शब्द घ्यावा, असेही सुचवते. ‘मेल’ला ‘फी’ जोडून तो झाला असे बहुतेकांना वाटते, आणि स्त्रीचे नावही पुरुषाच्या नावातून काढलेले आहे असा निष्कर्ष त्यावरून मोठमोठ्या व्याख्यानांत काढलेला मी ऐकला आहे. प्रत्यक्षात ‘फीमेल’ आला फ्रेंच ‘फमेल’वरून, म्हणजे स्त्री या अर्थाच्या लॅटिन ‘फेमिना’च्या लघुत्वदर्शक रूपापासून, आणि ‘मेल’ आला ‘मास्कुलुस’पासून, ज्यातला एस फ्रेंचमध्ये गळून गेला. दोन्ही शब्द वेगवेगळ्या घरचे. चौदाव्या शतकात इंग्रजांना ते जोडीने वापरण्याची सवय लागली आणि त्या सवयीने ‘फीमेल’चे शेवटचे अक्षर ‘मेल’सारखे लिहिले जाऊ लागले, एवढाच त्यांचा संबंध.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका